शंभर डॉलरची फ्रँचाईज : ऊरँग इंडियन्स आणि मालकीचा प्रश्न

अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आज जगभर पैशासाठी ओळखल्या जाणाऱ्या एनएफएलमध्ये, १९२२ आणि १९२३ असे दोनच हंगाम एक संघ खेळला. नाव होतं ऊरँग इंडियन्स. संघातला एकूण एक खेळाडू तिथल्या मूळ रहिवासी जमातींमधला होता. चेरोकी, चिपेवा, मोहॉक, विनेबॅगो अशा वेगवेगळ्या जमातींची ही माणसं. प्रशिक्षकही त्यांच्यातलाच. लीगच्या शंभर वर्षांत असा दुसरा संघ झाला नाही. वीस सामने, चार विजय, सोळा पराभव, आणि खेळ खलास.

आपल्याकडे समाजमाध्यमांवर शोषितांच्या इतिहासातल्या गोष्टी बहुतेक वेळा 'पहिला', 'एकमेव' अशा मथळ्याखाली फिरतात. पहिला अमुक, पहिली तमुक. अभिमान वाटावा म्हणून त्या फिरतात आणि त्यात वाईट काही नाही. पण ऊरँग इंडियन्सला त्या रांगेत बसवता येत नाही. हा संघ मूळ रहिवाशांनी काढला नव्हता. तो एका कुत्रे विकणाऱ्या गोऱ्या माणसानं आपल्या कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी काढला होता.

आधी थोडं त्या खेळाबद्दल. हा आपण गल्लीत खेळतो तो फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो धसमुसळा खेळ. १९२० च्या आसपास अमेरिकेत खरी प्रतिष्ठा होती ती कॉलेजच्या फुटबॉलला. पैसे घेऊन खेळणारे संघ म्हणजे ओहायो, इलिनॉय, विस्कॉन्सिनमधल्या कारखान्यांच्या गावांचे संघ. कंपनी पैसे देई, संघ कंपनीचं नाव मिरवी. डेकॅटर स्टॅलीज हा संघ स्टार्च बनवणाऱ्या स्टॅली कंपनीचा होता, तोच पुढे शिकागो बेअर्स झाला. ग्रीन बे पॅकर्सच्या नावातला 'पॅकर्स' मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीवरून आला. या संघांनी १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावी जमून एक संघटना बांधली आणि १९२२ मध्ये तिचं नाव एनएफएल ठेवलं. संघटनेचा पहिला अध्यक्ष म्हणून त्यांनी कोणाला निवडलं, तर जिम थॉर्पला. सॅक अँड फॉक्स जमातीचा माणूस. संघटना चालवण्यातलं त्याचं कौशल्य पाहून ही निवड झाली नव्हती. त्याचं नाव वर्तमानपत्रात छापून येत असे, म्हणून झाली होती. एका वर्षात अध्यक्ष बदलला.

याच ओहायोत लारू नावाचं हजारभरही वस्ती नसलेलं गाव आहे. तिथे वॉल्टर लिंगो एअरडेल टेरियर जातीच्या कुत्र्यांची पैदास करायचा आणि टपालाने देशभर विकायचा. त्याच्या व्यवसायाचं नाव ऊरँग केनल्स. जवळचं मॅरियन हे शहर म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांचं गाव, आणि व्हाइट हाउसमधला हार्डिंग यांचा लाडका कुत्राही एअरडेलच होता. म्हणजे दिवस एअरडेलचे होते. लिंगोला जाहिरातीचं वेड होतं. प्राणी आणि 'इंडियन' यांच्यात काही गूढ नातं असतं, असाही त्याचा समज होता. थॉर्पची आणि त्याची शिकारीतली ओळख. त्यातून कल्पना निघाली : नुसत्या इंडियन लोकांचा संघ काढायचा, तो गावोगाव फिरवायचा, आणि सामन्याच्या मध्यंतरात कुत्रे दाखवायचे. लीगमध्ये संघ घेण्याची फी तेव्हा शंभर डॉलर होती. लिंगोचा एक चांगला एअरडेल दीडशे डॉलरला जायचा, असं सांगतात. एका कुत्र्याच्या किमतीत संघ आला आणि वर पन्नास डॉलर उरले.

लारूत फुटबॉलचं मैदानसुद्धा नव्हतं. वीस सामन्यांपैकी 'घरचा' म्हणावा असा एकच झाला, तोही मॅरियनमध्ये. बाकी सगळा हिशोब फिरस्तीचा. जाहिरात गावाबाहेर करायची असते, गावात कशाला?

आता या संघात आलेली माणसं कोण होती ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. थॉर्पनं खेळाडू जमवले ते मुख्यतः कार्लाइलसारख्या सरकारी निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांतून. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं एका जुन्या लष्करी छावणीत सुरू केली. पोराच्या आतला इंडियन मारा आणि त्यातला माणूस वाचवा, हे त्याचं जाहीर तत्त्वज्ञान. हजारो मैलांवरून मुलं आणायची, पहिल्या दिवशी केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून गणवेश घालायचा, स्वतःच्या भाषेत बोललं तर शिक्षा करायची. पहिल्याच तुकडीत आलेल्या ल्यूथर स्टँडिंग बेअर यानं पुढे लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती, हातात काठी देऊन त्यातल्या एकावर बोट ठेवल्यासारखं करायला सांगितलं, आणि काठी जिथे टेकली ते त्याचं नाव झालं. दीडशेहून अधिक मुलं तिथल्याच कबरस्तानात पुरली गेली. या सगळ्या निवासी शाळांबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये.

याच शाळेनं फुटबॉलचा एक जबरदस्त संघ घडवला. हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठांना या पोरांनी पाणी पाजलं. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये कार्लाइलनं वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७-६ असं हरवलं. सैन्याच्या त्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर खेळत होता. ज्या सैन्यानं यांच्या आजोबांच्या वस्त्या जाळल्या, त्या सैन्याच्या अधिकाऱ्यांना त्यांच्याच मैदानावर आडवं करायचं, याचा अर्थ त्या पोरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच वर्षी थॉर्पनं स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. सहाच महिन्यांत, १९१३ च्या जानेवारीत, ती काढून घेण्यात आली. कारण १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात त्यानं नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता आणि ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. उन्हाळ्यात असं खेळणारी कॉलेजची पोरं पुष्कळ होती. ती खोटं नाव लावून खेळत, थॉर्प खऱ्या नावानं खेळला. तक्रार करायची मुदत तीस दिवसांची होती, ती उलटून गेल्यावर तक्रार आली, तरी ती चालली. त्यावेळी थॉर्पच्या सहीनं जे पत्र गेलं त्यात आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा आहोत, असल्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत, असा सूर होता. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. माफी हवी तर अडाणीपणा कबूल करायचा, ही अट होती. ती पाळूनही माफी मिळाली नाही.

तर १९२२ मध्ये लिंगोच्या संघात जमलेली माणसं म्हणजे ही. थॉर्प पस्तिशीला आलेला. त्याच्याबरोबर जो गायन आणि पीट कॅलॅक हे दोघं कार्लाइलचेच उत्तम खेळाडू. गायन तर पुढे थॉर्पप्रमाणेच व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. बाकीच्यांची नावं खेळाडूंच्या यादीत अशी होती : लाँग टाइम स्लीप, बिग बेअर, ईगल फेदर, वॉर ईगल, रेड फँग, अ‍ॅरोहेड. लाँग टाइम स्लीप म्हणजे निक लासा. शाळेनं त्यांच्यावर इंग्रजी नावं लादली होती, कारण तेव्हा त्यांच्यातला इंडियन पुसायचा होता. लिंगोच्या यादीत पोस्टरवर शोभतील अशी नावं आली, कारण आता इंडियन विकायचा होता.

आठवडाभर हे खेळाडू सराव करायचे आणि लिंगोच्या केनलमध्ये कुत्र्यांची कामंही करायचे. रविवारी सामना. सामन्याच्या मध्यंतरात समोरचा संघ आत जाऊन पाय मोकळे करायचा, पाणी प्यायचा, पुढचे डाव ठरवायचा. ऊरँगचे खेळाडू मात्र मैदानावरच. कुणी सुरे आणि टॉमाहॉक फेकून दाखवायचा, कुणी दोरीचे खेळ करायचा. पिसांचे टोप घालून नाच व्हायचा. एअरडेल कुत्रे जिवंत अस्वलाचा माग काढून त्याला झाडावर चढवायचे, आणि लाँग टाइम स्लीप अस्वलाशी कुस्ती खेळायचा. पहिल्या महायुद्धातल्या लढाईचं नाटक व्हायचं, त्यात खेळाडू टेहळे सैनिक बनायचे आणि कुत्रे रेडक्रॉसचे मदतनीस बनून जखमींपर्यंत औषध पोचवायचे. थॉर्प मैदानाच्या मधोमध उभा राहून गोलपोस्टमधून चेंडू मारून दाखवायचा. मग शिट्टी वाजली की हीच माणसं दुसऱ्या अर्ध्याला उभी. एनएफएलमधल्या मध्यंतराच्या झगमगाटाची सुरुवात इथून झाली असं आज कौतुकानं सांगतात. हरण्यामागचं एक कारणही इथेच आहे, ते सहसा सांगत नाहीत.

त्या नाचाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. मूळ रहिवाशांचे धार्मिक नाच आणि विधी हे अमेरिकन सरकारनं १८८३ च्या नियमांनी गुन्हा ठरवले होते. १९२१ मध्ये इंडियन खात्याचा आयुक्त चार्ल्स बर्क यानं पुन्हा एक परिपत्रक काढून राखीव प्रदेशांवरचे नाच आवरा, असा अधिकाऱ्यांना आदेश दिला. १९२३ च्या फेब्रुवारीत त्याला पुरवणी जोडली आणि खुद्द जमातींच्या नावे इशाऱ्याचं पत्र पाठवलं. वेळ वाया जातो, शेतीकडे दुर्लक्ष होतं, संस्कार बिघडतात, अशी कारणं. म्हणजे ज्या वर्षी शिकागोच्या मैदानावर तिकीट काढून आलेले हजारो गोरे लोक पिसं लावलेल्या इंडियनचा नाच बघत होते, त्याच वर्षी तोच माणूस आपल्या गावी, आपल्या लोकांत, आपल्या श्रद्धेनं नाचला तर सरकार त्याला दम देत होतं. नाच कुणासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून, एवढ्यावरच तो गुन्हा की करमणूक ते ठरत होतं. पाहुण्यांच्या स्वागताला आदिवासी पोरांना टोप आणि पिसं लावून उभं करायची पद्धत आपल्याकडेही आहे. त्या पोरांच्या जमिनीचा, वनहक्काचा दावा कुठल्या टेबलावर पडलाय, हे टाळ्या वाजवणारे पाहुणे विचारत नाहीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. हे खेळाडू बिचारे नव्हते. शोषितांच्या इतिहासाबद्दल लिहिताना आपल्यातलेही लोक कधीकधी माणसाला नुसता बळी करून टाकतात. संघातला चिपेवा खेळाडू लिऑन बाउटवेल यानं पुढे सांगितलेल्या आठवणी उपलब्ध आहेत. त्याचं म्हणणं साधारण असं : गोऱ्यांचा समज होता की इंडियन म्हणजे रानटी. आमच्यातले बहुतेक सगळे कॉलेजपर्यंत गेलेले आणि त्यांच्यापेक्षा सुधारलेले. पण त्यांच्या या समजाचा आम्हाला दंगा करायला फायदा व्हायचा. गोऱ्यानं केलं असतं तर आत गेला असता, ते आम्ही करून सुटायचो, आणि आम्ही ती संधी सोडत नव्हतो. सेंट लुईसमधली एक दंतकथा सांगतात. रात्री दारूच्या गुत्त्यातून परतताना यांना हॉटेलकडे जाणारी ट्रॉली मिळेना, समोर उभी होती ती उलट दिशेला तोंड केलेली. मग सगळ्यांनी मिळून ती उचलली आणि रुळांवर तोंड फिरवून ठेवली. खरी असो वा नसो, गोष्ट त्या माणसांना शोभणारी आहे. बघणाऱ्याच्या डोळ्यातला मूर्खपणा त्यांना नीट कळत होता. समाजशास्त्रात याला प्रतिकाराचे दैनंदिन प्रकार वगैरे नाव देतात. बाउटवेलला त्या नावाची गरज पडली नाही.

पण हसून घेतल्यानं तिकिटाचा गल्ला कुणाच्या खिशात जातो ते बदलत नाही.

मैदानावरचे निकाल फार सांगण्यासारखे नाहीत. १९२२ मध्ये तीन विजय, सहा पराभव. त्यातला अ‍ॅक्रनविरुद्धचा ६२-० असा. १९२३ मध्ये एक विजय आणि दहा पराभव. बफेलोनं ५७-० अशी धुलाई केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलसनं थॉर्पच्या हातून सुटलेला चेंडू उचलला आणि ९८ यार्ड पळत नेला. हा विक्रम जवळपास पन्नास वर्षं टिकला, त्यामुळे अमेरिकन क्रीडा इतिहासात ऊरँग इंडियन्सचा उल्लेख पुष्कळदा याच एका वाक्यात येतो आणि संपतो. हॅलस चेंडू घेऊन पळतोय आणि वय झालेला थॉर्प मागून धावतोय.

इंडियन आळशी, दारू पिऊन पडणारे, म्हणून हरले, असं सहज लिहिलेलं वाचायला मिळतं. दारू होती, कोणी नाकारत नाही. पण साधा हिशोब करा. ज्या कार्लाइलनं हे खेळाडू घडवले ती शाळा १९१८ मध्येच बंद झालेली. म्हणजे १९२२ मध्ये मिळणार ते चार वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने खेळाडू, काही चांगले तिशी ओलांडलेले. नवी भरती इतर कुठल्याही कॉलेजातून करता आली असती, पण अट होती फक्त इंडियन घ्यायचे, आणि इतर कॉलेजांत इंडियन मुलं किती होती? त्यात मैदान नाही, प्रत्येक सामना परगावी, आठवडाभर कुत्रे, मध्यंतरात अस्वल. मालकाला जिंकण्याची गरजच नव्हती. त्याला गर्दी हवी होती. दुसऱ्या वर्षी नवलाई ओसरली, प्रेक्षक घटले, तसा लिंगोनं हात आखडता घेतला आणि १९२३ चा हंगाम संपल्यावर संघ मोडला. कुत्र्यांचा धंदा चालू राहिला.

इंग्रजीत 'फ्रँचाईज' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, संघ चालवण्याचा परवाना. दुसरा, मताधिकार. लिंगोनं पहिली फ्रँचाईज शंभर डॉलरला विकत घेतली. त्या संघात खेळणाऱ्यांच्या समाजातल्या कितीतरी लोकांना दुसरी फ्रँचाईज तेव्हा नव्हतीच. अमेरिकेच्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व देणारा कायदा २ जून १९२४ ला झाला, म्हणजे संघ मोडल्यावर. तोपर्यंत त्यातल्या अनेकांना ते ज्या भूमीवर हजारो वर्षं राहत होते तिथलं नागरिकत्व नव्हतं, आणि तरी त्यांच्यातले हजारो जण पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढून आले होते. मध्यंतरातल्या त्या युद्धाच्या नाटकाकडे या नजरेनं पाहा. कायदा झाला तरी अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी त्यांना १९४८ पर्यंत मत देऊ दिलं नाही.

आपल्यासाठी हा शब्द ओळखीचा आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली, ती समिती मताधिकाराचीच, फ्रँचाईज कमिटी. कोलंबियातून शिकून आलेले तरुण बाबासाहेब तिथे काय मांडतात? नुसत्या मतांचं, विचारांचं प्रतिनिधित्व पुरेसं नाही, माणसांचं स्वतःचं प्रतिनिधित्व हवं. अस्पृश्यांच्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं आणि अस्पृश्यांनी फक्त विषय म्हणून हजर राहायचं, हे त्यांनी नाकारलं. स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह इथून सुरू होतो. पुणे करारात जागा वाढल्या, पण संयुक्त मतदारसंघामुळे त्या जागांवर कोण बसणार हे बहुसंख्याकांच्या हातात गेलं. चेहरा आपला, निवड त्यांची. कांशीराम यांनी 'चमचा युग' लिहिलं ते याच करारातून निघालेल्या परिस्थितीवर. ऊरँगच्या खेळाडूंना मी चमचे म्हणणार नाही, ते मजुरी करत होते आणि मजुरी करणाऱ्याला चमचा म्हणत नाहीत. पण संघाची रचना पाहा. नाव इंडियन, प्रशिक्षक इंडियन, गणवेशातला प्रत्येक माणूस इंडियन. परवाना लिंगोचा. कधी सुरू करायचं, काय दाखवायचं, कधी बंद करायचं, हे तिन्ही लिंगो ठरवणार. 'शंभर टक्के प्रतिनिधित्व' असलेला संघ एका माणसाच्या जाहिरातीच्या हिशोबावर उभा राहतो आणि त्याच हिशोबावर मोडतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. त्या काळी सगळेच संघ कंपन्यांचे होते, मी वरच सांगितलं. स्टॅली कंपनीनंही संघ जाहिरातीसाठीच ठेवला. मग लिंगोलाच का धरायचं? शिवाय त्यानं पैसे दिले. ज्या काळात जमिनी हातातून जात होत्या त्या काळात त्यानं या माणसांना काम दिलं. १८८७ च्या डॉज कायद्यानं सामूहिक जमिनीचे तुकडे पाडले, आणि मूळ रहिवाशांच्या ताब्यातली जमीन १३ कोटी ८० लाख एकरांवरून १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. अशा माणसाला महिन्याचा पगार म्हणजे थोडी गोष्ट नाही. लिंगो वैयक्तिक पातळीवर दुष्ट होता असं मला म्हणायचंही नाही. थॉर्पशी त्याची मैत्री होती.

फरक असा की स्टॅलीच्या संघातले गोरे खेळाडू फुटबॉल विकत होते. त्यांचं गोरेपण विकायला ठेवलेलं नव्हतं. मध्यंतरात त्यांना कुणी त्यांच्या आजोबांचे कपडे घालून नाचायला लावलं नाही. ऊरँगचा खेळाडू आपलं कौशल्य विकायला आला आणि त्याच्याकडून विकत घेतला गेला तो त्याचा जन्म. काम केलं की पैसे मिळतात, पण काम काय आहे हे जन्मावरून ठरतं, ही व्यवस्था कोणत्या देशात कशी चालते ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

मैदानावरची माणसं गेली तरी नाव आणि पिसं राहिली. १९३३ मध्ये बॉस्टनच्या संघाचं नाव रेडस्किन्स ठेवलं गेलं, १९३७ मध्ये तो संघ वॉशिंग्टनला गेला. रेडस्किन म्हणजे तांबड्या कातडीचा, सरळसरळ शिवी. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल. काळ्या खेळाडूंना संघात घेणारा तो एनएफएलमधला शेवटचा मालक, १९६२ पर्यंत त्यानं घेतले नाहीत. नावाविरुद्ध मूळ रहिवासी कार्यकर्त्यांनी, विशेषतः सुझान हार्जो यांनी, १९९२ पासून कायदेशीर लढाई लढली. मालकांचं उत्तर प्रत्येक वेळी एकच : हे नाव सन्मानाचं आहे, आम्ही त्यांचा गौरवच करतोय. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनात प्रायोजक कंपन्यांनी दबाव आणला तेव्हा ते नाव गेलं.

'हरिजन' शब्दाचं समर्थन याच भाषेत झालं होतं. देवाची माणसं म्हणतोय, यापेक्षा मोठा सन्मान कोणता? १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारनं कायद्यात हा शब्द घातला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहातून बाहेर पडले. ज्यांना नाव द्यायचं त्यांना विचारलं का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सुझान हार्जो यांचा प्रश्नही वेगळा नव्हता.

थॉर्पचं पुढचं आयुष्य फुटबॉलबाहेर ओढगस्तीत गेलं. मंदीच्या काळात त्यानं खोदकामाची मजुरी केली, हॉलिवूडमध्ये गर्दीतला नट म्हणून उभा राहिला. तिथे मात्र त्यानं एक भूमिका घेतली, आणि मला त्याच्या पदकांइतकीच ती मोलाची वाटते. सिनेमातली इंडियन पात्रं रंग फासलेल्या गोऱ्यांना देऊ नका, इंडियन नटांनाच द्या, ही मागणी त्यानं लावून धरली आणि इंडियन नटांना कामं मिळवून देण्यासाठी धडपड केली. लिंगोच्या मैदानावर जे विकलं जात होतं त्याचा मोबदला निदान आपल्या लोकांना मिळावा, हा त्यामागचा हिशोब असावा. १९५१ मध्ये त्याच्याच आयुष्यावर सिनेमा निघाला. थॉर्पची भूमिका केली बर्ट लँकेस्टरनं.

१९५३ च्या मार्चमध्ये तो कॅलिफोर्नियात वारला. पदकांच्या प्रतिकृती १९८३ मध्ये कुटुंबाला मिळाल्या, त्याही 'सहविजेता' या शिक्क्यासह. एकमेव विजेता म्हणून ऑलिंपिक समितीनं त्याचं नाव लावलं ते २०२२ मध्ये.

त्याच्या देहाची कथा वेगळीच. ओक्लाहोमात सॅक अँड फॉक्स जमातीच्या रीतीनं अंत्यविधी सुरू असताना त्याची तिसरी पत्नी पोलिसांसह आली आणि शवपेटी घेऊन गेली. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या खाण बुडालेल्या गावाला पर्यटक हवे होते. त्या गावाशी थॉर्पचा जिवंतपणी काही संबंध नव्हता. सौदा झाला, मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही दोन गावं १९५४ मध्ये एक झाली आणि त्यांनी 'जिम थॉर्प' हे नाव घेतलं. देह तिथे ठेवला गेला. मुलांनी तो परत मागितला. १९९० च्या कायद्यानुसार संग्रहालयांनी मूळ रहिवाशांचे अवशेष त्यांच्या जमातींना परत करायचे असतात, त्या आधारावर खटला भरला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला, २०१४ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. हा कायदा या गावाला संग्रहालय म्हणून लागू होत नाही, असं अपील न्यायालयाचं म्हणणं होतं. तांबड्या संगमरवराची ती समाधी अजून तिथेच, गावाच्या रस्त्याकडेला आहे.